सरळ रेषांची अवघड गाडी: राजारामपुरीतील दोन दिवसांच्या रेखाटन कार्यशाळेचा अनुभव

गेल्या महिन्यात कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या एका खासगी चित्रकला वर्गाने शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची रेखाटन कार्यशाळा घेतली. विषय एकच होता: टेस्ला कंपनीची, विजेवर चालणारी, कोनाकोनांची सायबरट्रक ही पिकअप गाडी टप्प्याटप्प्याने रेखाटणे. रोज सकाळी दहा ते एक अशी तीन तासांची बैठक, माणशी ९०० रुपये शुल्क, ए-थ्री आकाराचा कार्ट्रिज कागद वर्गाकडून आणि पेन्सिली, पट्टी, गुण्ये, खोडरबर ज्याचे त्याने आणायचे, अशी व्यवस्था होती. आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला या गाडीचे वेड आहे, म्हणून त्याचे नाव नोंदवायला गेले आणि मोठ्यांनाही प्रवेश आहे असे कळल्यावर माझेही नोंदवून आले. मी पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारखान्यात संगणकावर आराखडे काढते. कागदावर, पेन्सिलीने, हाताने काही काढून मला कित्येक वर्षे झाली होती. कार्यशाळेत जे चांगले होते ते फारच चांगले होते आणि ज्या चुका झाल्या त्या सहज टाळता येण्यासारख्या होत्या, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नाव नोंदवून बाहेर पडताना भाचा म्हणाला, "मावशी, ही तर नुसती पट्टी फिरवली की झाली!" बहुतेकांचा समज असाच असतो. साध्या मोटारीच्या चित्रात वळणे असतात, वळण जमत नाही आणि मुले कंटाळतात. त्यामानाने ही गाडी म्हणजे पाच-सहा सरळ रेषा, तेव्हा ती सोपीच असणार, असे वाटते. प्रत्यक्षात वळणदार गाडीत छपराची रेषा तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी डोळा ती सांभाळून घेतो. या गाडीत छपराचे टोक तेवढेच सरकले की चित्रातली गाडी तंबूसारखी किंवा लोखंडी इस्त्रीसारखी दिसू लागते, कारण चूक लपवायला वळणच नसते. हे शिक्षकांनी पहिल्या अर्ध्या तासात, कोणालाही न हिणवता, सर्वांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी प्रत्येकाला आठवणीतून पाच मिनिटांत गाडी काढायला सांगितली, ते कागद गोळा करून भिंतीला टाचले आणि दुसऱ्या दिवशी संपताना परत दिले. माझ्या कागदावरील गाडी तिकोनी समोशासारखी होती.

त्यानंतर गाडीची थोडक्यात माहिती झाली. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे या गाडीचे पहिले दर्शन घडले, फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन हे कंपनीचे मुख्य रचनाकार, आणि ग्राहकांच्या हाती पहिल्या गाड्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पडल्या. शिक्षकांनी या गाडीचे नातेही उलगडून दाखवले, ते मला विशेष आवडले. मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोने या इटालियन संस्थेसाठी १९७० साली रेखलेली लान्चा स्ट्राटोस झीरो ही जमिनीपासून जेमतेम ८४ सेंटिमीटर उंचीची पाचरीसारखी गाडी, आणि १९८१ पासून बनलेली, जोर्जेत्तो जुजारो यांनी रेखलेली, स्टेनलेस पत्र्याची डेलोरियन, या दोन्हींची छायाचित्रे त्यांनी शेजारी-शेजारी लावली. आज 'भविष्यातली' म्हणून आपल्यासमोर येणाऱ्या आकाराची मुळे पन्नास-पंचावन्न वर्षे मागे जातात, हे आठवी-नववीच्या मुलांना कोणी सांगत नाही.

गाडी अशी सपाट का, या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या रोजच्या कामातले निघाले. नेहमीच्या मोटारींचा पत्रा तुलनेने मऊ असतो. मोठ्या प्रेसमध्ये डायखाली, म्हणजे साच्याखाली, दाबला की त्याला हवे ते वळण आणि हवी ती खोली येते. या गाडीसाठी कंपनीने फार कडक स्टेनलेस पोलाद निवडले. त्याला असे दाबून आकार देऊ गेल्यास प्रेसच मोडते, म्हणून पत्रा कापायचा आणि ठरावीक रेषेवर वाकवायचा, असे कारण कंपनीने दिले. आमच्याकडे प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर, स्टेनलेसचा पत्रा वाकवताना नव्या पोराला पहिली शिकवण असते ती 'स्प्रिंग बॅक'ची. नव्वद अंशांत वाकवलेला पत्रा हात काढताच थोडा उलगडतो, म्हणून नव्वदच्या थोडे पुढे जाऊन दाबावे लागते, आणि स्टेनलेस जितके कडक तितके ते जास्त उलगडते. मधल्या सुटीत मी हे सांगितले, तेव्हा शिक्षकांनी मला फळ्याजवळ बोलावून ते सर्वांना सांगायला लावले. तेथपासून मुले 'रेषा' म्हणायची बंद झाली आणि 'घडी' म्हणू लागली. हा बदल छोटा असला तरी चित्रात दिसला. रेषा कागदावर कोठेही असू शकते, घडीला दोन बाजूंना दोन पृष्ठे असावी लागतात. याच बोलण्यात शिक्षकांनी पत्रा तीन मिलिमीटर जाड असल्याचे सांगितले. २०१९ मध्ये कंपनीने तसे जाहीर केले होते हे खरे, परंतु विक्रीस आलेल्या गाडीचे बाहेरचे पत्रे दोन मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचे आहेत. चित्राला याने फरक पडत नाही, तरी मुले ऐकलेले जसेच्या तसे लक्षात ठेवतात म्हणून नोंदवले.

आता मुख्य भाग, म्हणजे प्रमाण. "चाक आधी. चाक चुकलं की गाडी चुकली," हे शिक्षकांचे वाक्य दोन दिवसांत किमान वीस वेळा ऐकले असेल, आणि ते प्रत्येक वेळी योग्य होते. चाकालाच मोजपट्टी मानायचे, ही त्यांची पद्धत. गाडीची लांबी सुमारे ५.६८ मीटर, उंची सुमारे १.७९ मीटर, पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर सुमारे ३.६३ मीटर आणि टायरची उंची सुमारे ३५ इंच, म्हणजे नव्वद सेंटिमीटरला थोडी कमी. हे आकडे फळ्यावर लिहून त्यांनी मुलांकडूनच भागाकार करवून घेतले. उत्तर निघाले ते असे: उंची दोन चाकांएवढी, दोन केंद्रांमधले अंतर चार चाकांना किंचित जास्त, आणि पूर्ण लांबी सुमारे साडेसहा चाके. ए-थ्री कागदावर पाच सेंटिमीटरचे चाक घेतले की गाडी बत्तीस सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि दहा सेंटिमीटर उंच होते, कागदाच्या मधोमध नेमकी बसते आणि कडांना श्वास घ्यायला जागा राहते. टू-एच, म्हणजे कडक आणि फिकट उमटणाऱ्या, पेन्सिलीने जमिनीची रेषा, तिच्यावर दोन चाके, मग दोन चाकांच्या उंचीवर एक पुसट आडवी रेषा. या चौकटीत छपराचे टोक कोठे येते, ते आधी ठिपक्याने ठरवायचे. ते गाडीच्या बरोबर मध्यावर येत नाही, किंचित पुढे, पुढच्या आसनांच्या डोक्यावर येते. नाकापासून त्या टोकापर्यंत बॉनेट आणि पुढची काच जवळजवळ एकाच उतारात चढतात, आणि टोकापासून शेपटीपर्यंतचा उतार त्याहून लांब व सौम्य असतो. मागचा भाग मागच्या चाकाच्या पलीकडे जितका बाहेर जातो तितका पुढचा भाग पुढच्या चाकापलीकडे जात नाही, हेही त्यांनी चाकाच्या पटीतच दाखवले.

येथे भाच्याची एक चूक सांगण्यासारखी आहे. टोकापासून शेपटीकडे जाताना त्याने मध्येच रेषा खाली पाडली आणि मागे एक उघडा हौदा काढला. शिक्षक मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ पाहत राहिले आणि त्यांनी त्याला विचारले, पिकअप गाडी तू रोज कुठे बघतोस? तो म्हणाला, शाहू मार्केट यार्डात. त्याच्या वडिलांचे तेथे गुळाचे काम आहे आणि बोलेरो पिकअपमध्ये गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, चढताना तो लहानपणापासून पाहत आला आहे. त्या गाडीत केबिन वेगळी, हौदा वेगळा आणि दोघांमध्ये खाच. त्याच्या हाताने ओळखीचीच पिकअप काढली होती. शिक्षकांनी ती पुसायला लावली नाही. शेजारी दुसरी काढायला सांगितली आणि दोन्हींतला फरक त्याच्याच तोंडून वदवून घेतला: इकडे केबिन आणि हौद्याच्या भिंती एकाच पत्र्याच्या कवचात आहेत, आणि हौद्यावरचे सरकते झाकण मिटले की छपराची उतरंड अखंड शेपटीपर्यंत जाते. चांगला शिक्षक चुकीच्या मुळाशी जातो तो असा. या वीस मिनिटांसाठी मी पूर्ण शुल्क पुन्हा देईन.

चाकांभोवतीच्या काळ्या कमानींवर पुरेसा वेळ दिला गेला. त्या अर्धगोल नाहीत, तुटक सरळ कडांच्या आहेत, आणि गोल चाकाभोवतीची ही कोनदार चौकट नीट आली की गाडी लगेच ओळखू येते. दाराला कडीच नाही, ती जागा मोकळी सोडायची, हे मुलांना फार आवडले. समोरची रुंदीभर पसरलेली प्रकाशाची बारीक पट्टी म्हणजे हेडलाइट असे जवळपास सर्वांनी धरले होते. रस्ता उजळणारे खरे दिवे तिच्या खाली, बंपरच्या काळ्या भागात आहेत, हे शिक्षकांनी छायाचित्रावर बोट ठेवून दाखवले.

याच ठिकाणी पहिली तक्रार येते. प्रत्येकाला टप्प्यांचा एक छापील कागद दिला होता, आणि झेरॉक्स काढताना तो आडवा ताणला गेला होता. मी चाक पट्टीने मोजले: आडवे ४८ मिलिमीटर, उभे ४३. बाजूच्या दर्शनात चाक पूर्ण गोल असायला हवे. येथे ते लंबगोल, म्हणजे त्या कागदावरील सगळीच प्रमाणे बिघडलेली. चाकाला मोजपट्टी मानायला शिकवणाऱ्या वर्गाने बिघडलेल्या चाकाचा कागद वाटावा, याचे वाईट वाटले. शिवाय ते चित्र २०१९ च्या नमुना गाडीचे होते, त्यामुळे त्यात बाजूचे आरसे नाहीत आणि पुढच्या काचेवरचा तो एकच भला लांब वायपरही नाही. विक्रीच्या गाडीला दोन्ही आहेत. मी सुटीत दोन्ही गोष्टी सांगितल्या. शिक्षकांनी मान्य केले आणि कागद बाजूला ठेवून फळ्यावरचे चित्र पाहायला सांगितले, परंतु दुसऱ्या दिवशीही तोच कागद वाटण्यात आला.

दुसरी तक्रार जागेची. नोंदणीच्या वेळी पंधरा जणच घेणार असे सांगितले होते आणि प्रत्यक्षात आम्ही बावीस होतो. मागच्या दोन बाकांवरील मुलांना फळ्याचा खालचा भाग दिसत नव्हता, आणि या चित्रात सगळे जमिनीच्या रेषेपासून सुरू होते. शिवाय ए-थ्री कागद पसरायला दोघांच्या बाकावर जागा अपुरी पडते. डावखुऱ्या मुलाशेजारी बसलेल्या माझ्या कोपराला ते दोन्ही दिवस जाणवले.

रविवारी समोरून तिरके दर्शन होते, म्हणजे दोन लोपबिंदूंचे यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह); लोपबिंदू म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जेथे मिळताना दिसतात तो बिंदू. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना क्षितिजरेषा आणि लोपबिंदू हे शब्द ठाऊक असतात, पण नेहमीचा घोटाळा असा की दोन्ही लोपबिंदू कागदाच्या आतच घेतले जातात आणि गाडी खोक्यासारखी फुगते. मोठी वस्तू नैसर्गिक दिसायची तर लोपबिंदू एकमेकांपासून बरेच लांब, बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर जावे लागतात. त्यासाठी शिक्षकांनी केलेली युक्ती मी येथेच प्रथम पाहिली. कागद मोठ्या फळीवर चिकटवला, कागदाच्या बाहेर दोन्ही बाजूंना क्षितिजरेषेच्या उंचीवर एकेक टाचणी ठोकली आणि दोन्हींना शिवणाचा काळा दोरा बांधला. दोरा ताणून धरला की कागदावर कोठेही रेषेची दिशा मिळते. तो पाहायचा, दोन ठिपके द्यायचे, दोरा सोडायचा आणि पट्टीने रेषा ओढायची. आधी खोके, मग खोक्याच्या आत मधली उभी पातळी, तिच्यावर छपराचे टोक, आणि मग टोकापासून चारही बाजूंना उतरणाऱ्या घड्या, हा क्रम अगदी सावकाश घेतला. माझे संपूर्ण काम संगणकावर चालते, तेथे गाडी एका क्लिकवर फिरते. तरीही कोणती कड कोणत्या बिंदूकडे का धावते, हे दोरा हातात धरल्यावर जितके स्पष्ट कळले तितके पडद्यावर आजवर कळले नव्हते.

मात्र तिरक्या दर्शनातील चाकांशी आल्यावर शिकवणे घाईचे झाले. साडेबारा वाजत आले होते आणि छायांकन शिल्लक होते, म्हणून शिक्षकांनी लंबवर्तुळाचे प्लॅस्टिकचे साचे वाटले व जवळचा आकार निवडून गिरवायला सांगितले. साचा वापरण्यात काही वावगे नाही, पण तो कसा ठेवायचा हे सांगितल्याशिवाय चाके गाडीपासून निखळून पडल्यासारखी दिसतात, आणि बावीसपैकी बहुतेकांची तशीच दिसली. नियम एकाच वाक्याचा आहे: लंबवर्तुळाचा लहान अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेने, म्हणजे गाडीची रुंदी ज्या लोपबिंदूकडे जाते त्याच दिशेने ठेवायचा. त्या संध्याकाळी घरी भाच्याला मी स्टीलचे ताट आणि लाटणे घेऊन ते दाखवले. लाटणे ताटाच्या मधोमध काटकोनात टेकवले, ताट हळूहळू फिरवले, आणि लाटणे जिकडे झुकते तिकडेच ताटाची अरुंद बाजू झुकते, हे त्याने स्वतः पाहिले. पाच मिनिटांचे काम होते. वर्गात एवढा वेळ काढायला हवा होता. हवे तर तो छायाचित्रांना दिलेल्या वेळातून काढता आला असता.

शेवटचा अर्धा तास छायांकनाचा, आणि तो मात्र मनात राहील असा झाला. शनिवारच्या बोलण्यानंतर शिक्षकांनी मला विचारले होते, तुमच्या कारखान्यात वाकवलेला स्टेनलेसचा एखादा तुकडा मिळेल का? मी भंगारातून हातभर लांबीची, मधोमध एकच घडी असलेली पट्टी मागून आणली होती. कडा कानसून घेतल्या, म्हणजे कोणाला कापायला नको. त्यांनी ती टेबलावर उभी केली, खिडकीचा पडदा ओढला आणि एकच दिवा बाजूने लावला. घडीच्या वरची बाजू पांढरी झळकली, खालची बाजू काळवंडली, आणि दोन्हींच्या मध्ये केसाएवढी उजळ रेघ उभी राहिली. मग त्यांनी पट्टीखाली लाल रंगाची वही सरकवली, तसा खालच्या काळ्या बाजूवर लालसर रंग चढला. मुले बाकांवरून उठून जवळ आली. रंग न दिलेल्या पोलादाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. वर तोंड केलेले पृष्ठ आकाश दाखवते, खाली तोंड केलेले जमीन दाखवते, हे समजावण्यासाठी त्यांना वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही. त्यानंतर टू-बी, म्हणजे मऊ आणि गडद, पेन्सिलीने प्रत्येक पृष्ठाला एकच सपाट छटा द्यायची, छटा घडीपाशी नेमकी तोडायची, बोटाने घासायचे नाही आणि घडीवर कागद कोरा सोडायचा, एवढ्याच सूचना होत्या. माझ्या चित्रातील गाडी पहिल्यांदा त्याच वेळी पत्र्याची वाटली.

कोल्हापूरचे चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी चित्रेही रंगवली आणि चित्रपटाचा कॅमेराही स्वतः घडवला, हे आपण अभिमानाने सांगतो. चित्रकला वर्गातील दिव्याखाली कारखान्याच्या भंगारातला तुकडा उभा राहिलेला पाहताना मला त्यांची आठवण झाली. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या आमच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा, ओतकाम आणि पॅटर्न यांत हात घातलेली इतकी माणसे असताना रेखाटनाच्या वर्गांनी त्यांना अधूनमधून बोलवावे, असे मनापासून वाटते.

कोणी जावे, याविषयी. सातवीच्या पुढच्या मुलांना आणि पेन्सिल सुटलेल्या मोठ्यांना ही कार्यशाळा नक्की उपयोगी आहे. त्याहून लहान मुले पहिल्या दिवसाच्या भागाकाराशीच थकली; माझ्या पुढच्या बाकावरील पाचवीतील मुलगी रविवारी आलीच नाही. इंटरमिजिएटच्या तयारीसाठी म्हणून जाऊ नये, कारण अभ्यासक्रमातील बाकीच्या विषयांना येथे स्पर्श नाही, यथार्थदर्शन तेवढे पक्के होते. ९०० रुपये सहा तासांना जास्त नाहीत, मात्र तेवढ्या पैशात पंधरा जणांची मर्यादा पाळली जावी ही अपेक्षा रास्त आहे. पुढची कार्यशाळा ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉलीवर घेण्याचा विचार असल्याचे सांगण्यात आले. आम्ही दोघेही नाव नोंदवणार आहोत. जाणाऱ्यांनी पावणेदहालाच पोहोचून पहिल्या तीन बाकांपैकी एक धरावा, टू-एच पेन्सिल दोन न्याव्यात, आणि छापील कागद हाती पडताच त्यावरील चाक आडवे-उभे मोजून घ्यावे.